शून्याच्या पोटातला तुकडा

पेंटरचं खरं नाव त्याच्या बायकोला आणि मतदार यादीला तेवढं ठाऊक होतं. बाकी सगळ्या जगाला तो पेंटर. दुकानांच्या पाट्या, शाळेच्या वर्गांवरचे क्रमांक, गाड्या लावायच्या जागेतल्या पिवळ्या रेघा, जिन्यांवरचे मजल्यांचे आकडे, जे जे म्हणून भिंतीवर किंवा जमिनीवर लिहिता येतं ते ते तो तेहतीस वर्षं लिहीत आला होता. शिडीवर चढला की त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू होई आणि खाली उतरला की आणखी जोरात चाले. असा हा माणूस सोमवारी सकाळी इस्पितळाच्या बाकावर तासभर चकार शब्द न काढता बसला होता. समोरच्या दारावरचा 'प्रवेश बंद' कुणीतरी वाकडा लिहिला होता, आणि त्याबद्दलसुद्धा तो काही बोलला नाही.

शेजारी बायको भाचीच्या होणाऱ्या बाळासाठी गोधडी शिवत होती. तिची कापडी पिशवी म्हणजे चालतंफिरतं दुकान: कात्री, खडू, टाचण्या, रिळं, चिंध्यांची गाठोडी आणि पानाच्या आकाराचा एक साचा. साचा कापडावर ठेवायचा, टाचणी टोचायची, खडूने कडेने रेघ मारायची, कापायचं. बस असो, बँक असो की इस्पितळ, तिचे हात थांबत नसत. पेंटरने त्या पिशवीत कधी डोकावून पाहिलं नव्हतं. तो आपला प्रांत नव्हे, असं त्याचं मत. त्याच्या रंगांच्या डब्यांना हात लावणं हा आपला प्रांत नव्हे, असं तिचं. तीस वर्षांचा संसार या एका करारावर बरा चालला होता.

झालं होतं एवढंच, की पेंटरला हर्निया झाला होता. ऑपरेशन साधं होतं, पण त्याआधी छातीचा एक्स-रे काढायची पद्धत असते म्हणून काढला. त्या एक्स-रेत काहीतरी दिसलं म्हणून शनिवारी सीटी स्कॅन केला. आणि आता एक्स-रे वाचणाऱ्या मॅडमनी स्वतः बोलावलं होतं. या मॅडम कुणाला सहसा दिसत नसत. त्या दिवसभर अंधाऱ्या खोलीत बसून लोकांच्या छात्या वाचत. त्यांनी माणसालाच आत बोलावलं म्हणजे प्रकरण साधं नाही, हे पेंटरला सांगावं लागलं नाही.

"मीपण येते," बायको म्हणाली.

"तू बस. तुझं पान अर्धवट राहील."

खोलीत दोन मोठे पडदे चमकत होते आणि एक कप चहा गार होऊन पडला होता. मॅडम त्याच्या पुतणीच्या वयाच्या असतील. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली आणि पडद्यावर बोट ठेवलं.

"काका, हे तुमचं उजवं फुप्फुस."

बोट पडद्याच्या डाव्या बाजूला होतं. पेंटरने मान डोलावली. "म्हणजे मी तुमच्याकडे तोंड करून उभा आहे."

"हे समजायला लोकांना पाच मिनिटं लागतात!"

"काचेच्या दारावर आतून लिहायचं असलं की आम्ही सगळं उलटंच लिहितो, मॅडम. आमचा धंदाच उलटा."

मॅडम हसल्या. मग त्यांनी चित्र मोठं केलं. गळ्याखालच्या आडव्या हाडाच्या खाली, दोन बरगड्यांच्या मधल्या काळोखात, एक पांढरा ठिपका होता. वाटाण्यापेक्षा जरा मोठा. पेंटरने आयुष्यात हजारो ठिपके काढले होते, पण एकाही ठिपक्याकडे इतकं निरखून कधी पाहिलं नव्हतं.

"कॅन्सर आहे का?" त्याने विचारून टाकलं.

"माहीत नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांनी नजर चुकवली नाही, हे त्याला बरं वाटलं. "अशी गाठ दिसली म्हणजे कॅन्सरच, असं मुळीच नाही. पुष्कळदा तो जुन्या संसर्गाचा व्रण असतो. व्रणात चुना, म्हणजे कॅल्शियम, साठलेला दिसला तर मी बघताक्षणी सांगते की घरी जा आणि मजा करा. तुमच्यात चुना दिसत नाहीये. कडा गुळगुळीत आहे, पण या एका बाजूला किंचित खरबरीत वाटते. माप अकरा मिलिमीटर. वय अठ्ठावन्न. सिगारेट?"

"वीस वर्षं ओढली. सोडून आठ वर्षं झाली."

"सोडलीत ते छान केलंत. पण ती वीस वर्षं मला धरावी लागतात." त्यांनी गार चहाचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "ही चित्रं गेल्या आठवड्यातली आहेत, काका. हा ठिपका गेल्या महिन्यात उगवला की तुमच्या लग्नाआधीपासून बसलाय, ते यातून कळत नाही. वाईट गाठ गप्प बसत नाही, वाढते. हा ठिपका काही वर्षांपूर्वीही एवढाच होता असं मला दिसलं, तर सुई नको आणि काही नको. नाही दिसलं, तर गुरुवारी अकरा वाजता फुप्फुसात सुई घालून नमुना घ्यावा लागेल. त्यात काय निघतं त्यावर पुढचं." एवढं बोलून त्यांनी तो प्रश्न विचारला, ज्यावरून अख्खं इस्पितळ त्यांची चेष्टा करायचं. चहावाला खोकला तरी त्या हेच विचारतात, असं म्हणत. "जुनी फिल्म आहे का?"

पेंटरला आठवलं. बारा वर्षांपूर्वी तो शिडीवरून पडला होता. उजव्या बाजूच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या आणि तेव्हा छातीचा एक्स-रे काढला होता. तेव्हा सगळ्यांनी बरगड्याच पाहिल्या असणार. वर कोपऱ्यात कोण बघतो?

"होती," तो म्हणाला.

"होती म्हणजे?"

"म्हणजे आहे. फक्त एक अडचण आहे." पेंटरने घसा साफ केला. "मी ती कापली."

मॅडमना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग पेंटरने सगळं सांगितलं. आकडे रंगवायला साचे लागतात, त्याला स्टेन्सिल म्हणतात. पुठ्ठ्याची स्टेन्सिल चार वापरांत रंग पिऊन फुगते. पत्र्याची गोल खांबाला बसत नाही. पण एक्स-रेची फिल्म! भिजत नाही, वाकते, टर्पेंटाइनने पुसली की पुन्हा नवी. म्हणून गेली वीस वर्षं नात्यागोत्यात कुणाचं हाड मोडलं की ते बरं झाल्यावर फिल्म पेंटरकडे येई. आपलीच छाती त्याने कशी सोडली असती?

"तिचे किती तुकडे केलेत?" मॅडमनी कपाळाला हात लावून विचारलं.

"चार. एक, चार, सात आणि शून्य."

"आणि ज्या दवाखान्यात काढला, तिथे नोंद असेल ना?"

"तो दवाखाना बंद होऊन सहा वर्षं झाली, मॅडम. त्याच्या पाटीवर पांढरा रंग मीच मारला."

मॅडम आधी हसू दाबत होत्या, मग त्यांना ते दाबता येईना. पेंटरही हसला. त्या खोलीत हसण्यासारखं काहीच नव्हतं आणि तरी दोघं डोळे पुसेपर्यंत हसले. मग मॅडम गंभीर झाल्या. "चारही तुकडे शोधा. रंग पुसा, पण खरवडू नका. गुरुवारी नऊला आणा. सुईच्या आधी मी बघते."

बाहेर येऊन त्याने बायकोला सगळं सांगितलं. तिने हातातला टाका पूर्ण केला. मग तिने सुई कापडात खोवली आणि सुरुवात केली.

"स्वतःची छाती कापून भिंतीला लावलीत! वीस वेळा सांगितलं असेल, कागदपत्रं जपून ठेवा. लाइटचं बिल कापून बाण केलात, काही बोलले नाही. माझ्या भावाची कवटी कापून इंग्रजी ए केलात, तेव्हाही बोलले नाही."

"तेव्हा तू महिनाभर बोलत होतीस."

"आणि आता वर्षभर बोलणार आहे! वर्षभर ऐकायचंय तुम्हाला, लक्षात ठेवा." हे म्हणताना तिचा आवाज फुटला. पेंटरने खांद्यावर हात ठेवला तर तिने तो झटकला, आणि बसमध्ये बसल्यावर स्वतःहून धरला.

दुपारपासून घरात आकाशपाताळ एक झालं. गॅलरीतली पत्र्याची पेटी बाहेर ओढली. तिच्यात दीडशेच्या वर स्टेन्सिली होत्या, एकीवर एक चिकटलेल्या. सगळ्यांवर रंगाचे थर, त्यामुळे आकडा ओळखू येई पण आतलं हाड कुणाचं ते कळत नसे. पेंटर टर्पेंटाइनचा बोळा फिरवी आणि बायको फिल्म खिडकीशी धरून बघे.

"हा गुडघा दिसतोय."

"आत्याचा. तो नऊ आहे. बाजूला ठेव."

"ही बोटं कुणाची?"

"शेजारच्या वकिलाची. दारात सापडली होती."

"आणि ही कवटी माझ्या भावाची." तिने ती उजेडात खालीवर करून पाहिली. "काही म्हणा, आत बरंच काही दिसतंय."

"तो पिवळा रंग आहे. पुसायचा राहिलाय."

अख्खं खानदान हाडांसकट गॅलरीत वाळत पडलं. टर्पेंटाइनच्या वासाने खालच्या मजल्यावरच्या बाई नाक दाबून विचारायला आल्या आणि आपल्या मनगटाची फिल्म ओळखून खूश होऊन गेल्या. तिच्यावर आता पाच होता. सोमवारी संध्याकाळी 'चार' सापडला: त्यात हृदयाचा फुगवटा होता. मंगळवारी 'एक' निघाला. आणि मंगळवारीच दुपारी बायकोने 'सात' शोधून काढला आणि घर डोक्यावर घेतलं. सातच्या खालच्या कोपऱ्यात पेंटरचं नाव आणि तारीख पांढऱ्या अक्षरांत जशीच्या तशी होती, आणि वर मोडलेल्या दोन बरगड्या. पेंटर नावाच्या कोपऱ्यावर कधी सुरी चालवत नसे. तिथे धरायला बरं पडे. बायकोने त्या आनंदात चहा टाकला आणि साखर दोनदा घातली.

आता फक्त शून्य उरलं होतं. शून्य म्हणजे उजव्या फुप्फुसाचा वरचा चतकोर. ठिपका असला तर त्यातच असणार.

बुधवारी बायको दळण आणायला गेली असताना पेंटरला ते सापडलं. पेटीच्या तळाशी, पत्र्याला चिकटून. त्याने अलगद सोडवलं, पुसलं, आणि खिडकीशी धरलं. मग पुन्हा पेटीत हात घालून तळ चाचपला.

शून्याची स्टेन्सिल करणं सोपं नसतं. शून्य कापलं की पोटातला तुकडा सुटून पडतो, म्हणून वर आणि खाली दोन बारीक पट्ट्या सोडायच्या. त्या पट्ट्या त्या तुकड्याला धरून ठेवतात. या शून्याच्या दोन्ही पट्ट्या तुटल्या होत्या. पोटातला तुकडा नव्हता. बाहेरची चौकट तेवढी होती: वर गळ्याचं हाड, बाजूला बरगड्यांची टोकं, आणि मधोमध तळहाताएवढं मोठं भोक. सोमवारी पडद्यावर पाहिलेली जागा पेंटरच्या डोळ्यांपुढे होती. ती त्या भोकात होती.

आता त्याला आठवलं. नऊएक वर्षांपूर्वी, इथेच गॅलरीत पुसताना पट्ट्या तुटल्या होत्या. तुकडा खाली पडला होता. नंतर सकाळी केर काढला गेला असणार. उरलेल्या चौकटीने तो घरांच्या क्रमांकामागचे भरीव लंबगोल रंगवायला लागला आणि तुकड्याचा विषय डोक्यातूनही गेला.

पेंटर जमिनीवर बसला. शिडीची, सुईची, ऑपरेशनची त्याला फारशी भीती नव्हती. पण आपण गेलो तर हिच्याशी भांडणार कोण, हा विचार काही केल्या जाईना. तेवढ्यात दारात पावलं वाजली. बायको तीन दिवस धावत होती. काल साखर दोनदा घालून बसली होती. तिला हे भोक दाखवायचं त्याच्याने होईना.

"सापडलं का हो?" तिने दारातूनच विचारलं.

"सापडलं," पेंटर म्हणाला, आणि चौकट झटकन वर्तमानपत्रात गुंडाळली.

"दाखवा बघू!"

"ओलं आहे. उद्या मॅडमकडेच बघ." तिला एवढा आनंद झाला की तिने पुढे विचारलं नाही. ती लगेच गोधडी घेऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत अकरा पानं कापून मोकळी झाली. पेंटर दुसऱ्या खोलीत वर्तमानपत्राच्या पुडक्याकडे बघत बसला. तोंड वाजवायची त्याला सवय होती, खोटं बोलायची नव्हती.

गुरुवारी नऊच्या ठोक्याला दोघं हजर. आज बायकोने विचारलंही नाही, पिशवी काखेत मारून सरळ आत शिरली.

मॅडमनी अडगळीच्या खोलीतून जुनी दिव्याची पेटी काढून आणवली होती. आता सगळं पडद्यावर दिसतं, म्हणून ती सहा वर्षं कुणी लावली नव्हती. बटण दाबलं तर ती चारदा लुकलुकली, मग पांढरीशुभ्र पेटली. पेंटरने एकेक तुकडा काढून दिला. खाली डावीकडे सात, खाली उजवीकडे चार, वर उजवीकडे एक. कापलेल्या कडा एकमेकींना बरोबर भिडल्या. मॅडमनी सातवरचं नाव, तारीख वाचली, मोडलेल्या बरगड्या बघितल्या, पडद्यावरच्या स्कॅनमध्ये जुळून आलेल्या त्याच बरगड्या शोधल्या. "माणूस तोच, छाती तीच," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात शिकाऱ्याचा उत्साह आला होता. "आणा, शून्य आणा."

पेंटरने वर्तमानपत्र उलगडलं. चौकट जागेवर बसवली. भोकातून पेटीचा उजेड भगभगीत बाहेर आला.

मॅडमनी पडद्यावरच्या एक्स-रेकडे पाहिलं, मग भोकाकडे, पुन्हा पडद्याकडे. "तिसरी बरगडी इथून आत जाते, चौथी इथून," त्या हळूच म्हणाल्या. "ठिपका बरोबर या मोकळ्या जागेत पडतो. काका, मधला तुकडा?"

"नऊ वर्षांपूर्वी तुटला, मॅडम. कचऱ्यात गेला." मग तो बायकोकडे वळला. "काल सांगणार होतो तुला. नाही जमलं. तू एवढी खूश होतीस."

त्याला वाटलं, आता ही रडणार, किंवा खोली डोक्यावर घेणार. दोन्हीची त्याने तयारी केली होती. पण बायको त्याच्याकडे बघतच नव्हती. ती पेटीजवळ गेली होती आणि त्या भोकाच्या कडेवरून बोट फिरवत होती. वरून खाली, खालून वर. खडूने रेघ मारतात तसं.

"अहो," ती म्हणाली, "हे माझं पान आहे."

"काय?"

तिने पिशवी खांद्यावरून उतरवली आणि जमिनीवर उलटी केली. रिळं पळाली, चिंध्या पसरल्या. त्यातून तिने तो साचा उचलला. काळपट, पातळ, कडेला निळ्या-गुलाबी खडूने माखलेला. वर आणि खाली तुटक्या पट्टीचं एकेक खुंट.

"गॅलरीत पडला होता. रॉकेलने पुसून घेतला. एवढा छान आकार, टाकवेना." तिने साचा उजेडात धरला. "नऊ वर्षं याच्यावर पानं कापतेय मी. सोमवारी इथेच बाहेर कापली. काल शेजारच्या खोलीत बसून अकरा कापली! काल तुम्ही एक शब्द बोलला असतात ना, तर तिथल्या तिथे दिला असता!"

पेंटरला शब्द फुटेना. त्याच्या बाबतीत असं दुसऱ्यांदाच होत होतं, तेही एकाच आठवड्यात.

मॅडमनी दोन्ही हात पुढे केले. बायकोने साचा पदराने पुसला आणि ओंजळीत ठेवला. पेटीवर आधी तो बसेचना: बरगड्या खाली जायच्या त्या वर जायला लागल्या. "उलटा आहे," पेंटर म्हणाला. त्याची वाचा कामाच्या गोष्टीने परत आली. "माझा हात पट्टी कापताना डावीकडे कलतो. हा खुंट बघा, तिरका आहे. हा वरचा. आणि पालथा करा." त्याने स्वतः तो तुकडा पालथा करून शून्याच्या पोटात ठेवला. तिसरी बरगडी कापलेल्या फटीवरून उडी मारून पलीकडे गेली. चौथीही गेली.

आणि त्या दोघींच्या मध्ये, काळोखात, पांढरा ठिपका होता.

मॅडम पुढे वाकल्या. "पट्टी," त्या म्हणाल्या. पेंटरच्या खिशात पोलादी पट्टी कायम असे. तेहतीस वर्षं होती. मॅडमनी ठिपक्यावर ती आडवी धरली, उभी धरली, भिंग घेऊन पुन्हा धरली. पडद्याकडे जाऊन स्कॅनवर आणि नव्या एक्स-रेवर पुन्हा माप घेतलं. परत आल्या.

"अकरा," मॅडम म्हणाल्या. "बारा वर्षांपूर्वी अकरा, आज अकरा. इथली ही खरबरीत कडासुद्धा तशीच आहे. काका, हा तुमचा जुना भाडेकरू आहे. बारा वर्षांत त्याने एक भिंत पुढे सरकवलेली नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे व्रण. कॅन्सर असता तर इतकी वर्षं असा बसला नसता. थांबा, मी एकटीने ठरवत नाही." त्यांनी फोन उचलला. छातीचे डॉक्टर सुईच्या तयारीला लागलेच होते. ते हातमोजे घालूनच आले, पेटीसमोर उभे राहिले, नाव-तारीख वाचली, माप स्वतः घेतलं. मग त्यांनी हातमोजे काढून टोपलीत टाकले. "सुई रद्द," ते म्हणाले, "हर्नियाचं ऑपरेशन खुशाल करून घ्या," आणि जाता जाता खाली पडलेलं एक रीळ उचलून बायकोच्या हातात देऊन गेले.

पेंटर रडला. चांगला हुंदके देऊन रडला, आणि त्याला त्याची लाज वाटली नाही. बायको मात्र रडली नाही. ती मॅडमच्या भिंगातून तो ठिपका बघत होती.

"याच्या मधोमध उजेडाचा एक बारीक कण दिसतोय," मॅडम म्हणाल्या. "सुईने टोचल्यासारखा. हे काय असेल?"

"ती माझी टाचणी," बायको म्हणाली. "साचा हलू नये म्हणून मी टाचणी टोचते. सगळा काळा, त्यात हाच एक पांढरा ठिपका. म्हणून दर वेळी याच्यावरच टोचायची. मग तिथेच पानाचा पहिला टाका." तिने भिंग मॅडमना परत दिलं. "हा ठिपका मला नऊ वर्षं माहीत आहे, मॅडम. पण तो यांचा आहे हे कुठे माहीत होतं?"

मॅडमनी भिंग खाली ठेवलं आणि त्या काही वेळ टेबलावरचे कागद उगाच नीट लावत राहिल्या. मग त्यांनी चारही तुकडे आणि मधलं पान यांचे फोटो काढून पेंटरच्या नावावर साठवले. "काकू, हा तुकडा मला देता का? शिकाऊ डॉक्टरांना दाखवीन. जुनी फिल्म मागते म्हणून हसतात ना, त्यांना."

बायकोने तो त्यांच्यासमोरून अलगद उचलून घेतला. "फोटो आहेत की तुमच्याकडे. हा दिला तर मी टाचणी कुठे टोचू? बाळ येणार आहे पुढच्या महिन्यात, चाळीस पानं राहिलीत."

बाहेर त्याच बाकावर दोघं टेकली. बसला वेळ होता. 'प्रवेश बंद' अजून वाकडाच होता. "ब खाली उतरलाय," पेंटर म्हणाला, "आणि द तर पार पडायला आलाय. कुणी लिहिलंय कोण जाणे. मला सांगितलं असतं तर दहा मिनिटांत..." आणि पट्टा जो सुरू झाला तो सुरूच राहिला. बायकोने त्याला थांबवलं नाही. तिने पिवळ्या कापडाचा तुकडा मांडीवर पसरला, त्यावर साचा ठेवला आणि टाचणी काढली. कापड सरकत होतं.

"बडबड करत बसण्यापेक्षा हे टोक धरा," ती म्हणाली.

पेंटर बोलायचा थांबला. तीस वर्षांत तिने त्याला हे कधी सांगितलं नव्हतं आणि त्याने कधी विचारलं नव्हतं. त्याने दोन्ही हातांनी कापडाचं टोक धरलं आणि वाकून बघितलं. बायकोने पांढरा ठिपका शोधला, त्यावर टाचणी टेकवली, आणि टोचण्याआधी सवय नसल्यासारखं त्याच्याकडे पाहिलं.

"दुखायचं नाही ना?" तिने विचारलं.

"टोच गं," पेंटर म्हणाला. "बारा वर्षांत कधी दुखलं नाही."